सोळावी काडी

सौंदडच्या सुशिलाबाईच्या दारावर सकाळी साडेसातला थाप पडली तेव्हा चहा उकळत होता, नवरा भैयालाल न्हाणीत होता आणि खुद्द सुशिलाबाई स्वयंपाकघरात पाटावर पाठ ताठ करून बसली होती. दातांमध्ये आइस्क्रीमच्या सोळा चपट्या काड्या एकावर एक रचून अडकवलेल्या. मनातल्या मनात बावीसपर्यंत मोजून झालं होतं. शंभर व्हायचे होते.

"काकी, विरजण द्या वो!" शेजारची रुख्मा दार ढकलून आत आली आणि जागीच थिजली. "अगं माय! काय झालं वो? काऊन बोलून नाई राहिल्या?"

सुशिलाबाईने हातानेच ‘बस’ म्हणून खुणावलं. बोललं की काड्या सटकणार, आणि सटकल्या की पुन्हा एकपासून.

वीस वर्षं धानाच्या रोवणीत वाकताना सुशिलाबाईच्या गालात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत चांगला घोटलेला. गाल आतून असे आवळत गेले, की २००८ च्या दिवाळीत करंजी मोडून, चुरून खावी लागली. गोंदियाचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "मुंह खोलो, बाई." ही म्हणाली, "खुला तो है!" त्याने जेमतेम नऊ काड्या बसवून दाखवल्या. खर्रा बंद, रोज काड्या लावून तोंड ताणायचं, नाहीतर पुढे पेज पिऊन दिवस काढायचे, असं बजावलं.

गावाला वाईट वाटलं, पण सावकाश. पूर्वी सुशिलाबाईची शिवी धानाच्या चार बांध्या ओलांडून जायची. आता ती दातांतच अडून फुसफुसायची. भैयालाल तर डॉक्टरला म्हणाला होता, "घाई करू नका, साहेब."

सुशिलाबाईने मात्र एकेका काडीचा सण केला. दहावी बसली त्या दिवशी अख्खं केळं न कुस्करता खाल्लं. बारावीला गल्लीत शिरा वाटला. "कोनाचा वाढदिवस वो?" लोक विचारायचे. "माझ्या जबड्याचा. खा मुकाट्यानं." पंधरावीनंतर गाडी अडली. महिना झाला, सोळावी काही शिरेना. आज शिरली होती.

आणि आजच ही रुख्मा! काकीच्या शंभरच्या मोजणीचं रुख्माने नुसतं ऐकलं होतं, पाहिलं आज. शंभर होईपर्यंत काकी उलटून बोलू शकणार नाही, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. लग्न होऊन या गल्लीत आल्याला आठ वर्षं झाली, अशी सकाळ उगवली नव्हती. तिने दुसरा पाट ओढला.

"बरं झालं. माझ्या वड्यांले तुमी साऱ्या बायांत सडकेची गिट्टी म्हटलं, आठवते का? आन माझ्या मायले म्हटलं, पोरगी दिली का भोंगा दिला. भोंगा मी का तुमी?"

सुशिलाबाईचे कान तापले. जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं सणसणीत. काड्या थरथरल्या. तिने ते गिळलं, पण त्या नादात आकडाच गेला. एकसष्ट की एकाहत्तर? डोळे वटारून तिने बोटं नाचवली.

"विसरल्या ना? साठ धरा. मी मोजून राहिली. एकसष्ट... आन माझ्या कोंबडीले दगड मारून लंगडी केली, बासष्ट... वरून मलेच शिव्या देल्ल्या, त्रेसष्ट..."

ऐंशीपर्यंत रुख्माचं आठ वर्षांचं सारं ओकून झालं. पुढे बोलायला काही उरलं नाही, म्हणून ती नुसतीच मोजत राहिली, सुशिलाबाईच्या तोंडाकडे टक लावून, दर आकड्याला आवाज चढवत. "नव्व्याण्णव... शंभर! काकी, झाले वो!"

काड्या हातात आल्या. सुशिलाबाईने पदराने लाळ पुसली, जबडा दोनदा फिरवला. रुख्मा हळूच दाराकडे सरकली.

"तुझ्या वड्या गिट्टीच हायेत," सुशिलाबाई म्हणाली. "कोंबडीचं मात्र माझं चुकलं. बस. चहा घे. आज सोळावी बसली."

रुख्मा इतकी हरखली, की तिने कमरेची खर्र्याची पुडी काढून पुढे केली. "मग चिमूटभर घ्याच, खुशीचा!"

चुन्या-तंबाखूचा ओला वास नाकात शिरला. सुशिलाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं आणि उजवा हात अर्ध्यापर्यंत गेलाही. तो तिने डाव्या हाताने धरून मांडीवर आणून ठेवला.

"रुख्मे," ती म्हणाली, "तू रोज ये. मले जे बोलायचं ते बोल. फक्त खर्रा तुझ्या घरी ठेवून ये."