पाण्याची धार

डिलाईल रोडच्या चाळीत शैला राणेला सगळे ओळखायचे ते तिच्या हातच्या घावण्यांमुळे. कुणाकडे पाहुणे आले की हाक यायची, "शैलावैनी, घावणे घालून द्या गो!" मग तिच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग उठले. तिथून ते ओठांच्या कडेला आणि कानामागे पसरले. हाका कमी झाल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. हाकाच आल्या नाहीत, एवढंच.

माझगावला गोदीत आयुष्य काढलेला तिचा नवरा गंगाधर तिला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. डॉक्टरीण वयानं लहान होती, पण नीट समजावून सांगायची.

"मावशी, ही स्टेरॉइडची गोळी. फक्त शनिवार-रविवार, नाश्ता झाल्यावर. मधले दिवस अजिबात हात लावायचा नाही. आधी डाग पसरायचे थांबायला हवेत. रंग मग हळूहळू भरेल."

"किती दिवस लागतील?"

"घाई नाही करायची यात."

डाग थांबले. नवीन एकही उठला नाही. कानामागच्या पांढऱ्यात तीळभर तपकिरी ठिपके दिसायला लागले, तेव्हा शैलानं आरसा धरून गंगाधरला चार-चारदा बघायला लावलं.

त्याच सुमारास अपूर्वाचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर, बँकेत नोकरीला. मुलगा दादरचा, घर चांगलं. याद्या झाल्या, मार्गशीर्षातली तारीख निघाली. आणि एका संध्याकाळी मुलाच्या आत्याचा फोन आला. अपूर्वानं तो स्पीकरवर टाकला होता.

"कन्यादानाला तुझे काका-काकू बसले तर चालेल ना? आमच्याकडची मंडळी जुन्या विचारांची आहेत. आईला वाईट वाटू देऊ नकोस."

शैला चहा गाळत होती. कन्यादानात बाप मुलीचा हात पुढे करतो आणि आई वरून पाण्याची धार सोडते. त्या धारेपाशी तिचे हात नकोत, एवढंच त्या बाईला म्हणायचं होतं. शैला लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. आता बोलेल, मग बोलेल.

अपूर्वा म्हणाली, "बघते आत्या. विचारते घरी."

फोन ठेवल्यावर ती आईकडे न बघता आत गेली. शैलानंही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नाक्यावरच्या मेडिकलमधून त्याच गोळ्या आणल्या आणि रोज घ्यायला लागली. आठवड्याचे दोनच दिवस घेऊन एवढा गुण, तर रोज घेतल्या तर लग्नापर्यंत हात स्वच्छ होतील, असा तिचा साधा हिशेब. गंगाधरला तिनं पत्ता लागू दिला नाही.

तिचा चेहरा गोल भरला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, "लेकीच्या लग्नानं बाळसं धरलंस गो!" ती हसली. तहान भागेना, जिने चढताना पाय कापायला लागले, खोकला छातीत उतरला. तरी ती बस्त्याला गेली, रुखवताचे लाडू वळले. हळदीच्या दिवशी दुपारी मात्र ती चुलीपाशीच कोसळली.

हॉस्पिटलात साखर आभाळाला भिडलेली निघाली, छातीत जंतुसंसर्ग झालेला. त्या डॉक्टरीणबाई धावत खाली आल्या.

"रोज घेतल्यात, मावशी?"

"लवकर जाईल असं वाटलं," शैला म्हणाली.

लग्न पुढे ढकलू, असं गंगाधर म्हणत होता. गावाहून माणसं आलेली, हॉल ठरलेला. शैलानंच ऐकलं नाही. "थांबवू नका. आनंदा भावोजी आणि जाऊबाई कन्यादानाला बसतील."

मुहूर्ताच्या वेळी गंगाधर नव्या सदऱ्यात तिच्या खाटेशी बसून होता. ती "जा, जा" म्हणत राहिली. तो गेला नाही. एकुलत्या एका लेकीचं लग्न बापानं पाहिलं नाही आणि आईनंही नाही.

दुसऱ्या दिवशी अपूर्वा आली. हातात हिरवा चुडा, डोळे सुजलेले. "आई, मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"खाली गाडी थांबली असेल. जा," शैला म्हणाली. रागानं नाही. तिच्यात राग धरण्याइतकाही जीव उरला नव्हता.

गोळ्या एकदम सोडल्या तर जिवाला धोका होता. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू कमी करत त्या बंद केल्या. पुन्हा देता येणार नाहीत, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. शैला जगली. साखर मागे लागली ती लागलीच, आणि डाग परत पसरू लागले, आता मनगटांच्या वर.

उन्हाळ्यात अपूर्वा चार दिवस माहेरी आली. जेवायला बसली तेव्हा शैलानं तिला लांब दांडीच्या डावानं भात वाढला आणि भाकरी चिमट्यानं ताटात ठेवली.

"आई, हे काय? हातानं वाढ ना."

"असू दे. तुझ्या घरी कळलं तर उगाच."

अपूर्वानं उठून तिचा हात धरायला बघितलं. शैलानं तो पदराखाली घेतला, आणि आमटी आणायला उठली.