पुस्तकात नसलेली ओळ

श्रीधर आमचा प्रॉम्प्टर. उज्जैनच्या हौशी मराठी रंगभूमीवर मी राण्या केल्या, सुना केल्या, पुढे सासवाही केल्या. टाळ्या मला मिळाल्या, पण त्यातली निम्मी वाक्यं विंगेतल्या अंधारातून श्रीधरने माझ्या कानापर्यंत पोचवलेली होती. बँकेतून सुटला की त्याची सायकल थेट तालमीच्या हॉलवर. त्याची कुजबुज अशी, की पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही आणि मला शब्द न् शब्द कळायचा.

त्याचा एकच नियम होता. पुस्तकात असेल तेच द्यायचं. एकदा भर प्रयोगात मी दोन पानं गाळून भलतीकडेच जाऊन पोचले आणि मनचंच काहीतरी बोलू लागले. समोरचा नट घामाघूम. मी पदर सावरत विंगेकडे सरकले, डोळ्यांनी म्हटलं, काहीतरी दे बाबा. हा ढिम्म. प्रयोगानंतर मी त्याला फाडून खाल्लं, तर शांतपणे म्हणाला, "चारूताई, तुम्ही बोलत होता ते पुस्तकात नव्हतंच. मी कुठून देऊ?"

अशा या माणसाने म्हातारपणी एकदा पुस्तकात नसलेली ओळ दिली. ती त्याला अजून पचलेली नाही.

कल्पना त्याची बायको. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. काचबिंदूने तिची नजर हळूहळू नेली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. श्रीधर निवृत्त झाला आणि तिचा प्रॉम्प्टर झाला. भाजीच्या ठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, घाटावर, तिच्या डाव्या कानाशी ती जुनी कुजबुज चालूच असते. "पायरी आहे. समोर मंगला. नवीन चश्मा लावलाय. तुझ्याकडेच येतेय, हसतेय." सिनेमालाही हेच. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून म्हणाला होता, "अंकल, कमेंट्री बंद करो ना." तेव्हापासून दुपारचा शो, शेवटची रांग, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या, हे ठरलेलं.

डायनासोर हा कल्पनाचा जिव्हाळ्याचा विषय. बेटावरच्या डायनासोरांचा तो सिनेमा, त्याचा पहिला भाग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, वर्गातल्या मुलींना घेऊन. त्यात तीन शिंगांची एक मादी होती, एक शिंग तुटलेली. पिल्लांच्या आड उभी राहायची. कल्पनाने तिचं नाव ठेवलं होतं शिंगमोडी. यंदा उन्हाळ्यात दुसरा भाग आला, आणि श्रीधर तिला नानाखेड्याच्या मॉलमध्ये घेऊन गेला.

आमचं मंडळ महिन्यातून एकदा फ्रीगंजच्या हॉलमध्ये जमतं. कोणी वाचलेल्या पुस्तकावर बोलतं, कोणी पाहिलेल्या सिनेमावर, आणि मग कचोरी. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण गुडघे गेले तरी आवाज शाबूत आहे. त्या महिन्यात बोलायची पाळी कल्पनाची होती. मी तिला हात धरून माइकपाशी नेलं. श्रीधर पहिल्या रांगेत बसला होता. आज त्याला काहीच द्यायचं नव्हतं.

"गुण आणि दोष, दोन्ही सांगायचे," कल्पना म्हणाली, "नाहीतर अर्धे मार्क. आधी दोष. एक, जनावरं फार. पहिल्या भागात मोजकी होती म्हणून धाक होता, इथे मेळा भरलाय. दोन, माणसं मूर्ख. एकदा जिथे खाल्ले गेलात तिथे परत का जाता, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. तीन, शिकारी जनावर शिकारीआधी डरकाळी फोडतं. आमच्याकडची मांजरसुद्धा एवढी बावळट नाही."

हॉल हसला. ती खुलली.

"आता गुण. आवाज. पावलं ऐकून मला जनावराचं वजन कळत होतं. पण सगळ्यात मोठा गुण शेवटी आहे. शिंगमोडी दलदलीत फसते. कोणताही दुसरा दिग्दर्शक असता तर तिला मारून आपल्याला रडवलं असतं. याने तिला बाहेर काढलं. पिल्लू येतं, दोघं जंगलात निघून जातात. आणि त्या वेळी संगीत बिल्कुल नाही. नुसता चिखलाचा आवाज आणि मग शांतता. आनंदाच्या जागी ढोल न वाजवणारा माणूस मला फार मोठा वाटला. या एका जागेसाठी मी बाकी सगळे दोष माफ केलेत."

टाळ्या वाजायला लागल्या होत्या. मधल्या रांगेतून मंडळातली मीना मधेच बोलली. बिचारी भली बाई आहे, बोलणं तेवढं सरळसोट.

"काकू, सॉरी हं, पण ती तर मरते ना? आमच्याकडे तर सगळे रडले. छोटी तो घर आकर भी रोती रही."

"कोण मरते?"

"तीच. तुटक्या शिंगाची. बुडते ना ती."

कल्पनाने चेहरा पहिल्या रांगेकडे वळवला. श्रीधर कुठे बसलाय हे तिला बरोबर ठाऊक असतं.

"अहो?"

मी त्याच्याकडे बघत होते. त्याने मान वर केली नाही. "मरते," तो म्हणाला. त्याच जुन्या आवाजात, पण हॉल इतका गप्प होता की त्या दिवशी त्याची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

कल्पना म्हणाली, "म्हणजे माझा पेपर कोरा," आणि खुर्चीसाठी हात पुढे केला. लोक हसले. तिला सावरून घ्यायलाच हसले, पण ते हसू ऐकवत नव्हतं. मी आयुष्यभर लोकांसमोर उभी राहिले आहे. चुकीच्या ओळीवर उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे; आणि तिला तर ती ओळ चुकीची आहे हेही माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात श्रीधर माझ्याकडे आला. मी चहा पुढे केला.

"भांडते का?" मी विचारलं.

"भांडली असती तर बरं होतं. काही म्हणत नाही. फक्त मी काही सांगितलं की दुसऱ्याला विचारते. मी म्हटलं मेथी चांगली आहे, तर ठेलेवाल्याला म्हणाली, भैया, पीली तो नहीं है? मी तिथेच उभा."

"मग बोललास का असं?"

"तिने माझा हात धरला होता, चारूताई. शिंगमोडी मानेपर्यंत गेलेली. ही विचारते, निघाली का हो? मी इतकी वर्षं विंगेत उभा होतो, नट काय मागतोय ते मला चेहऱ्यावरून कळतं. तोंडातून गेलं, निघाली. मग पुढचं सगळं रचत बसलो. पिल्लू, जंगल, सगळं."

"घरी येऊन सांगायचं होतंस."

"रिक्षात इतकी खुश होती. म्हणाली, या माणसाने जनावराचा मान राखला. त्यानंतर कसं सांगू? मंडळात ती नेमकं त्याच्यावरच बोलणार आहे हे मला ठाऊक होतं. घरी चार वेळा म्हणून दाखवलं तिने. मी बसून ऐकलं आणि छान झालंय म्हटलं." त्याने कप सरकवला. "तुम्हाला मी एक शब्द पदरचा दिला नाही कधी. आणि तिला अख्खा शेवट खोटा दिला. तिच्याकडे तर दुसरं पुस्तकही नाही."

मी म्हटलं, "परत घेऊन जा. सिनेमा अजून लागलेला आहे. या वेळी पुस्तकाप्रमाणे."

कल्पना तयार झाली, पण मला फोन करून म्हणाली, "तुम्हीही चला ताई. साक्षीला कोणीतरी हवं." हसत म्हणाली, पण म्हणाली.

दुपारचा शो, शेवटची रांग. मधे कल्पना, इकडे मी, तिकडे तो. श्रीधरने सगळं सांगितलं. आभाळाचा रंग सांगितला, नटीचा शर्ट मळलाय सांगितलं, एका जागी म्हणाला, "इथे काय चाललंय मलाही कळत नाही." कल्पनाने दोनदा चेहरा माझ्याकडे वळवला, तेव्हा मी म्हटलं, "बरोबर सांगतोय." तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

मग दलदल आली. संगीत थांबलं.

"पोटापर्यंत गेली," श्रीधर म्हणाला. "मान वर आहे. शिंग दिसतंय. पिल्लू काठावर आहे, ते खाली उतरत नाही. मान गेली."

"निघाली का?"

मी पडद्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होते. त्याचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. प्रॉम्प्टरचं वाक्य अडकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्याकडे ते तयार होतं, पण ते मी द्यायचं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "गेली. आता नुसता चिखल आहे."

कल्पनाने डोळे पुसले नाहीत. बाकीचा सिनेमा ती ताठ बसून ऐकत राहिली.

बाहेर आल्यावर मॉलच्या पायऱ्यांशी ती थांबली. "गुण तोच राहिला," म्हणाली. "संगीत नव्हतं. मरणाच्या जागीही त्याने ढोल वाजवला नाही, हे जास्त अवघड. पण मारायला नको होती. तो दोष मी मंडळात सांगेन."

"सांग," श्रीधर म्हणाला. "माझाही सांग."

मग म्हणाली, "आपल्या फाटकासमोरचा कडुनिंब. चैत्रात तुम्ही म्हणालात, पालवी फुटलीय."

श्रीधर पायऱ्यांकडे बघू लागला.

"सिंहस्थाच्या रस्त्यासाठी तोडला ना?"

"हो."

"मला वाटलंच. रिक्षातून उतरते तर डोक्यावर ऊन लागतं. आणखी?"

"बैठकीच्या भिंतीला ओल आलीय. मोठा डाग आहे."

"आणखी?"

"तुझे केस... मी म्हणतो पुढे अजून काळे आहेत. नाहीत. सगळे पांढरे झालेत."

"ते मला माहीत आहे," कल्पना म्हणाली. "पांढरा केस हाताला खरखरीत लागतो. आणखी?"

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही, धरण्याचा आपल्याला हक्क उरलाय की नाही अशा चेहऱ्याने नुसता बघत राहिला. तेव्हा तिनेच चाचपून त्याची बाही पकडली. हात नाही, बाही.

दोघं पायऱ्या उतरून रिक्षाकडे निघाले. त्याची ती कुजबुज पुन्हा सुरू झाली होती. पुढची ओळ माझ्यासाठी नव्हती. मी गुडघ्याचं निमित्त करून कठड्याला धरून उभी राहिले, आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.