उतेकर सरांचा बकरा

उष्णतेचा धडा जवळ आला की उतेकर सर बकरा शोधायला लागत. बकरा हा शब्द आम्हा मुलांचा, त्यांचा नव्हे. ते नुसते हात मागे बांधून बाकांमधून फिरत आणि एखाद्याच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणत, "पुढच्या आठवड्यात हा भाग तू शिकवायचास." पोलादपूरच्या आमच्या शाळेत दहावीला विज्ञान त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे सुटका नव्हती. सर जाऊन आता वर्ष होत आलं. गावात सगळे हळहळतात. मला तो माणूस आवडत नव्हता आणि तो गेला म्हणून आवडायला लागलेला नाही.

निवडलेल्या पोराला वाटायचं, आपला मान झाला. सर त्याला मधल्या सुट्टीत बोलावून मन लावून शिकवत, फक्त शिकवत ते चुकीचं. जगात कुठेतरी, कधीतरी मोठमोठ्या विद्वानांनी खरी मानलेली आणि पुढे मोडीत निघालेली एखादी समजूत. एका वर्षी माती, पाणी, आग आणि हवा यांचंच सगळं जग बनलंय, हे. एका वर्षी, जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक अग्निद्रव्य भरलेलं असतं आणि वस्तू जळताना ते निघून जातं, हे. पोरगं वर्गापुढे तावातावाने सांगायचं आणि मग सर उठून त्याच्या चिंध्या करायचे. जळल्यावर जर काही निघून जातं, तर धातू जाळल्यावर त्याचं वजन वाढतं कसं? वर्ग हसतोय, आणि सर म्हणणार, "हसा, हसा. माणसं शतकभर चुकली, हा आठवडाभर चुकला. काय बिघडलं?" वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सावध करत नसत. आपण पोळलो, आता तुमची पाळी.

माझ्या वाट्याला उष्णतेचा रस आला. उष्णता हा एक न दिसणारा, वजन नसलेला पदार्थ आहे, तो गरम वस्तूतून गार वस्तूत वाहत जातो, असं सरांनी मला शिकवलं. मला ते लगेच पटलं. आमची वाडी आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरात. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी जमिनीवर पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरून आम्ही राब भाजतो. बाबा म्हणायचे, "भाजली की ऊब भुईत उतरते, ती पावसात रोपाला पुरते." मी वर्गात हेच ठोकून दिलं. राबाची उष्णता जमिनीत साठते, म्हणजे ती पदार्थच असणार. माझ्या मते बिनतोड पुरावा होता.

सर शांतपणे उठले. तोफेच्या नळ्या कोरून काढणाऱ्या एका माणसाची गोष्ट त्यांनी सांगितली. कोरताना धातू इतका तापायचा की त्याच्याभोवतीचं पाणी उकळायचं, आणि जोवर कोरत राहावं तोवर उष्णता येतच राहायची. "ती जर धातूत भरलेली असती तर कधीतरी संपली असती. संपली नाही. कारण उष्णता ही वस्तूच नाही. ती कणांची धावपळ आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि याचे वडील डोंगरात उष्णता पुरून ठेवतात."

वर्ग हसत सुटला. माझं नाव राब्या पडलं, ते दहावी संपेपर्यंत. एसटीत बसलो की मागून हाळी यायची, "राब्या, ऊब हाय का रे शिल्लक?" घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मास्तर बोलतो तर खरंच असंल. आपण कोण गो त्याला बोलणार?" हे आईकडे बघून. तेवढ्यावर विषय संपला. माझा विज्ञानाला जाण्याचा विचारही तिथेच संपला. मी आयटीआय केलं. आज बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात बॉयलरवर आहे. उष्णतेशी माझा रोजचा संबंध, पण तो धडा मी परत कधी उघडला नाही.

पुढे राहायला पोलादपुरात आलो. राब्या हे नाव मी बायको-पोरीला कधी कळू दिलं नाही. त्यामुळे माझी मुलगी सायली दहावीत असताना उड्या मारत आली आणि म्हणाली, "बाबा, उतेकर सरांनी मला धडा शिकवायला निवडलंय." तिला विज्ञानालाच जायचं होतं. तिचा तो चेहरा बघून मला तिला काही सांगवेना. मी तडक सरांच्या घरी गेलो.

"सर, माझ्या मुलीला यातून वगळा."

त्यांनी मला ओळखलं. ते निवृत्तीला आले होते, आवाज मात्र तोच. "वगळतो. मग कोणाच्या मुलीला घेऊ, तेही तूच सांग."

मी चपला घालून परत आलो. हा माणूस समोरच्याला बोलायला जागाच ठेवत नसे.

पुढच्या आठवड्यात, धडा शिकवायच्या दिवशी, सायली घरी आली ती दोन्ही तळहातांवर फोड घेऊन. मी ओरडणार तोच ती म्हणाली, "बाबा, उष्णता संपतच नाही!" मग तिने सगळं सांगितलं. तिलाही त्यांनी तोच रस पाजला होता. तिने शिकवलं, सरांनी चिंध्या केल्या, वर्ग हसला. ही मात्र खाली बसली नाही. म्हणाली, "सर, आठवडाभर तुम्हीच मला चुकीचं सांगितलंत. मग आत्ता बरोबर सांगताय कशावरून?"

सर म्हणाले, "कशावरूनच नाही." मग त्यांनी कपाटातून भोक पाडायचं एक बोथट गिरमीट आणि ऐनाच्या लाकडाचा ठोकळा काढून तिच्यापुढे ठेवला. "फिरव. उष्णता संपते का, तूच बघ." तास संपला तरी ती फिरवतच होती. बोथट पात्याने भुसा जेमतेम पडत होता, आणि टोकाचा चटका काही कमी होत नव्हता. जेवतानाही तिचं तेच चालू होतं. फोड आलेत हे तिच्या गावीही नव्हतं.

मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण तोंडातून निघालं भलतंच. "मला का नाही दिलंत गिरमीट?"

"तू मागितलं नाहीस."

"मी पंधरा वर्षांचा होतो, सर."

"तीही पंधराचीच आहे," ते म्हणाले.

त्यांचं उत्तर नेहमीसारखंच बिनचूक होतं, आणि नेहमीसारखाच मी पायरीवरून उतरलो. सायली आज महाडला अकरावी विज्ञानाला आहे. सर गेले त्या दिवशी ती ढसाढसा रडली, आणि मला ते बघवलं नाही. त्यांच्यासाठी तिने का रडावं?

त्यांना द्यायचं उत्तर मला फार उशिरा, बॉयलरच्या गेजकडे बघता बघता सुचलं. ती विचारू शकली, सर, कारण तिचा बाप डोंगरात उष्णता पुरतो असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. तुम्ही माझी समजूत मोडलीत, ते ठीक. ती मोडायचीच होती. पण त्याच वाक्यात तुम्ही माझ्या बापालाही हसलात, आणि हसणाऱ्या वर्गापुढे कुठलं पोर गिरमीट मागतं?

हे त्यांना तोंडावर सांगायचं मी ठरवलं होतं. रविवारी सुट्टी होती, तेव्हा जाणार होतो. ते शुक्रवारीच गेले.