मिश्रीच्या कागदावरचं 'नाही'

वडवणीजवळच्या एका गावात सत्यशीला अकरा वर्षं आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, होती. बायकांना दाताला लावायची भाजक्या तंबाखूची मिश्री सोडा म्हणून सांगायची, आणि स्वतः मात्र न्हाणीमागं उभी राहून लावायची. तिची बबिता जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची भरली होती.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर अफसाना यांनी गावातल्या शंभर आयांची पाहणी लावली. गरोदरपणी मिश्री लावत होता का, आणि बाळ अडीच किलोच्या आत होतं का, एवढंच विचारायचं. सासू दारात बसलेली असली की बायका "न्हाई" म्हणायच्या. दात काळे दिसत असूनही सत्यशीला तेच लिहायची. स्वतःच्या नावापुढंही तिनं 'नाही' लिहिलं.

डॉक्टरांनी आकडे फळ्यावर मांडले. मिश्री लावणाऱ्या चाळीस, त्यांची दहा बाळं कमी वजनाची, शंभरात पंचवीस. न लावणाऱ्या साठ, त्यांची चौदा, शंभरात तेवीस.

"आपल्याकडं फरकच दिसत नाही," डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. सत्यशीला खाली मान घालून बसली.

आठवड्यानं ती गावातल्या तेजश्रीकडं गेली. पोरीला सातवा महिना, आणि बोट मिश्रीनं काळं.

"सोडली होतीस ना गं?"

"तुमच्याच कागदात आलंय की ताई, फरक न्हाई म्हणून. समद्या गावात झालंय."

सत्यशीलेला तिथं बसवेना. तडक केंद्रात जाऊन तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, ते तिला जास्त लागलं.

"मिश्रीवाल्या बायका 'नाही'त गेल्या, त्यांची लहान बाळंही तिकडंच गेली," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. परत विचारावं लागेल."

सत्यशीला 'नाही' लिहिलेल्या बाकीच्या एकोणसाठ घरी परत गेली. बाईला एकटीला गाठून आधी स्वतःचं सांगायची, "मी लावत होते, अजून लावते." काहींनी तोंडावर हसून घेतलं. तिच्यासकट सतरा नावं बदलली. त्यांतली नऊ बाळं कमी वजनाची. आता लावणाऱ्या सत्तावन्नांत एकोणीस, म्हणजे शंभरात तेहेतीस. न लावणाऱ्या त्रेचाळिसांत पाच, शंभरात बारा. जवळजवळ तिप्पट.

हे सांगायला ती तेजश्रीकडं गेली, तेव्हा तेजश्रीची सासू छबुबाई म्हणाली, "मग आधी खोटं कावून लिवलंस?"

सत्यशीलेनं कागदावर स्वतःच्या नावापुढचं खोडलेलं 'नाही' तिच्यापुढं धरलं.

तेजश्रीनं त्या दिवसापासून मिश्री सोडली. मुलगी झाली, दोन किलो तीनशेची. "एका बाळावरून काही ठरत नाही, मिश्रीनंच झालं असं म्हणता येत नाही," डॉक्टरांनी समजावलं. सत्यशीलेनं मान हलवली. पण दर आठवड्याला त्या पोरीचं वजन करायला गेली की ती काट्याकडं बघायची, तेजश्रीच्या तोंडाकडं नाही.