सुमित्राताईंनी मागितलेला राजीनामा

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत सुमित्राताई ढोके भाड्याने राहतात. मूळच्या चंद्रपूरच्या. चाळीस वर्षं दिल्लीत काढली, तरी त्यांची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावून बाहेर पाठवलेली. कुणी हसलं तर त्या आवाज चढवतात, हिंदी सुधारत नाहीत.

त्यांचे यजमान सुखदेवभाऊ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. रोज पाचला काठी घेऊन फिरायला निघायचे, साडेसहाला परतायचे. तो दीड तास ताईंचा हक्काचा. आठ महिन्यांपूर्वी गेटसमोरच्या गटाराचं झाकण गायब झालं आणि भाऊंचा पाय त्यात गेला. हाड वाचलं, पण धीर मोडला. तेव्हापासून ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू लागले आणि फायलीवर शेरा मारावा तसे बोलू लागले. "भेंडी जाड चिरली जात आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी."

"राधा, एक तर ते झाकण बसवा, नाहीतर मला त्या गटारात ढकला," ताई मला म्हणाल्या.

अशात नगरसेवक आमच्या हॉलमध्ये लोकांशी बोलायला येणार असं कळलं. सेक्रेटरी चड्ढाजींनी नोटीस लावली: बोलतील फक्त फ्लॅटचे मालक, भाडेकरूंनी ऐकावं. मी मालकीण आहे. बोलण्याचा हक्क मला पंधरा वर्षांपासून आहे आणि मी तो घडी घालून कपाटात ठेवलाय.

सभेचा पहिला तास मालकांनी नगरसेवकांचं स्वागत करण्यात घालवला. एकाने शाल दिली, दुसऱ्याने स्वतः रचलेला शेर ऐकवला, तिसरा पार्किंगवरून चौथ्याच्या अंगावर धावून गेला. झाकणाचं नाव कुणी काढेना. मालक गाडीत बसून मागच्या गेटने जातात, त्यांना काय पडलंय!

शेवटी ताई उठल्या. चड्ढाजींनी माईक छातीशी धरला. "बहनजी, आप तो किरायेदार हैं."

"तो क्या हुआ? गटार रजिस्ट्री देखके गिराता है क्या?"

हॉल हसला. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. मी उभी राहिले, "मेरा टाइम इनको दे दीजिए" एवढं म्हटलं आणि खाली बसले.

ताईंनी माईक हिसकावला. "आठ महिना हो गया! मेरे मिस्टर घर में बैठके भेंडी देखते हैं! आपसे एक झाकण नहीं होता? तो राजीनामा दो! अभी के अभी! लिखके!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर नगरसेवकांचा चेहरा खुललेला. कारण हिंदीत पद सोडण्याला म्हणतात इस्तीफा. राजीनामा म्हणजे समेट, दोन्ही बाजू राजी.

"बिल्कुल, माताजी! राज़ीनामा ही तो चाहिए!" म्हणत त्यांनी कागद मागवला.

ताई हबकल्या. इतक्या आनंदाने खुर्ची सोडणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण मी गप्प बसले. पंधरा वर्षांचा सराव होताच.

कागदावर लिहिलं गेलं की चार दिवसांत झाकण बसेल आणि तोवर कुणी तक्रार करणार नाही. खाली दोन सह्या: एक नगरसेवकांची, दुसरी 'श्रीमती सुमित्रा ढोके, किरायेदार' यांची. चड्ढाजी साक्षीदार.

"त्याला घरी बसवून आले!" ताईंनी दारातूनच जाहीर केलं. भाऊंनी कागद दोनदा वाचला.

"अगं, हा समझौता आहे."

"म्हणजे तो जाणार नाही?"

"नाही. झाकण येणार."

अर्थ ठाऊक असून आधी सांगितलं नाही म्हणून ताईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

चौथ्या दिवशी झाकण खरंच बसलं. पाच वाजता भाऊ निघाले, तेव्हा मी ताईंकडेच होते. त्यांच्यामागे दार लावून ताई "सुटले!" म्हणाल्या आणि लगेच माझा हात ओढत बाल्कनीत धावल्या. खाली भाऊ झाकणापाशी थांबले होते. त्यांनी काठी एकदा आपटली, दोनदा आपटली, पण पाय काही उचलेना. ताईंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

मग भाऊंनी एक पाय ठेवला. दुसरा ठेवला. झाकणाच्या मधोमध उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडले, "सुमित्रा! राजीनामा मंजूर!"

"मग पुढे चला ना! साडेसहाच्या आत दिसाल तर बघा!" ताई ओरडल्या. रडू आवरत नव्हतं, तरी आवाज चढलेलाच होता.