निनावी सैनिक

पीएच.डी.नंतरची फेलोशिप मला मिळाली ती एका परिच्छेदावर, आणि त्या परिच्छेदातलं माझं काहीच नव्हतं. सगळं माझ्या चुलत्यांचं होतं.

आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मधलं एक वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होते. कोरेगावजवळच्या आमच्या गावात घरटी एक फौजी सापडेल, आफ्रिका पाहिलेले मात्र आण्णा एकटेच. परदेशातल्या एका विद्यापीठाला आफ्रिकेवर आणि जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर काम करणारे अभ्यासक हवे होते. मी आपल्याकडच्या सैनिकांच्या तिथल्या आठवणी गोळा करत होते, आणि सुरुवात घरातूनच केली होती.

एका दुपारी आल्याचं बेणं निवडता निवडता आण्णांनी सांगितलं. ते छावणीच्या फाटकावर ड्युटीला होते. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली, खुणेनं डॉक्टर मागू लागली. कुणालाही आत घ्यायचं नाही, असा हुकूम होता. आण्णांनी फाटक उघडलं नाही. ती तासभर उभी राहिली आणि गेली.

"तुझ्या चुलतीला बी ठावं न्हाई ह्ये," ते म्हणाले.

अर्जाला त्यांचं संमतिपत्र लागत होतं, आणि ते इंग्रजीत होतं. "कुठं करू सही?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण ऐकून ते नाही म्हणाले असते तर? मुदत दोन दिवसांवर आली होती. फाटकाची ती हकिकत अर्जातल्या परिच्छेदात घालताना नावाऐवजी 'एक निवृत्त सैनिक' लिहिलं आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली.

निवड झाली. गावानं सत्कार ठेवला. फ्लेक्सवर मला इतकं गोरं केलं होतं की मीच मला ओळखलं नाही. सरपंच म्हणाले, "ताई, काय लिवलंय त्ये चार वळी मराठीत द्या की. लोकांस्नी कळाय पायजे." मी हुरळून गेले होते. तोच परिच्छेद दिला. त्यात नाव कुठं होतं?

निवृत्त हेडमास्तरांनी तो माइकवर खणखणीत वाचला. फेटा बांधलेले आण्णा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. 'एक निवृत्त सैनिक' म्हणताच पहिल्या रांगेनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्यांनी. बायकांत बसलेल्या चुलतीनं तोंडाला पदर लावला. टाळ्या मात्र झाल्या. आण्णांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

मला तेव्हा उठून काहीतरी बोलायला हवं होतं. बोललेही, आभाराचं भाषण केलं. त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या मुलाखतींसाठी पुन्हा संमतिपत्र हवं होतं. या वेळी चुलतीसमोर बसून मी त्यातलं एकेक वाक्य मराठीत सांगितलं. एका ठिकाणी आण्णांनी हात वर केला.

"परत म्हण."

"माहिती देणाऱ्याला कधीही नको म्हणता येईल."

"ह्ये पयल्या कागदात बी व्हतं?"

"व्हय, आण्णा."

मग पेनाला टोपण लावून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"मला हुकूम तरी व्हता, पोरी."