पलंगावरचं गाव

मी सातवीत असताना आमच्या लिंबायतच्या दहा बाय दहाच्या खोलीत एक अख्खं गाव दोन-अडीच महिने मुक्कामाला होतं. गाव चांगलं होतं. फक्त चुकीचं होतं.

त्याचं असं झालं. सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत बाईंनी एक दिवस फळ्यावर लिहिलं, 'प्रकल्प : माझे गाव'. घरातल्या मोठ्यांना प्रश्न विचारायचे, उत्तरं वहीत टिपायची आणि त्यावरून गावाची प्रतिकृती तयार करायची. प्रदर्शनात पहिला नंबर येईल त्याला कंपासपेटी. मी लगेच हात वर केला.

"बाई, माझं गाव लिंबायत."

"अगं, ते राहायचं ठिकाण. गाव कुठलं तुझं?"

वर्गातल्या बहुतेकांचा जन्म सुरतेतलाच. आम्ही एकमेकांची तोंडं पाहायला लागलो. आईबाप भांडायला लागले की ज्याचं नाव निघतं ते गाव, एवढीच आम्हाला त्याची माहिती. मी आपलं अप्पांच्या गावाचं नाव सांगून टाकलं, "चिंचखेडे." बापाचं गाव तेच लेकीचं गाव, असं मला वाटायचं. (बाईंनाही तसंच वाटायचं. मायला कुणी विचारलं नव्हतं.)

वही घेऊन मी अप्पांसमोर बसले. अप्पा लूमच्या कारखान्यातून संध्याकाळी यायचे तेव्हा यंत्रांचा खडखडाट त्यांच्या कानातच राहिलेला असायचा, म्हणून ते घरातही ओरडून बोलायचे.

"अप्पा, आपलं गाव कसं आहे?"

"चांगलं शे!"

"अजून?"

"मोठं शे!"

"तिथे काय काय आहे?"

अप्पांनी बराच विचार केला. "चिंच शे!"

मुलाखत संपली. वहीत तीन ओळी झाल्या, त्यातली एक चिंचेची.

मग मी मायकडे वळले. माय भाकरी थापत होती. इथे जरा थांबून सांगायला हवं, की माय सहा वर्षांत माहेरी गेलेली नव्हती. मामाच्या लग्नात सगळ्या जावयांना मानाचे टॉवेल-टोपी दिले गेले आणि एक टॉवेल-टोपी कमी पडली. ती नेमकी अप्पांच्या वाट्याची. "दाजी, मागून देतो," असं मामा म्हणाला. अप्पा पंगतीतून उठले, एका हातात मला आणि दुसऱ्या हातात ट्रंक धरली आणि तडक एसटी स्टँडवर गेले. माय मागून पळत आली. तेव्हापासून मामाचं ते 'मागून' काही आलं नाही, अप्पा गेले नाहीत आणि अप्पा जात नाहीत म्हणून मायही गेली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातल्या सगळ्या लेकी माहेरी जातात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या चाळीतल्या बायकाही भुसावळच्या गाडीला निघायच्या. माय त्यांची गाठोडी उचलून त्यांना रिक्षापर्यंत पोचवायची आणि परत येऊन भांडी घासायला बसायची. भांडी आधीच घासलेली असायची. ती पुन्हा घासायची. मला ते दिसत होतं, पण मला तेव्हा माय म्हणजे भांडी घासणारच असं वाटायचं.

"माय, शाळेसाठी गाव करायचंय. मातीचं."

तिचा हात भाकरीवरच थांबला. "कितलं मोठं?"

हा प्रश्न मी हलका घेतला, ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी मी खाडीच्या काठची माती आणली. त्या आठवड्यात मिलवाल्यांनी खाडीत जांभळं पाणी सोडलं होतं, त्यामुळे मातीही जांभळीच. मायनं ती डबड्यासकट बाहेर ठेवली. मग ती स्वतः गेली. शेजारच्या गल्लीत इमारतीचा पाया खणत होते, तिथून तिनं काळीभोर माती पाटीभर आणली आणि दारात उभी राहून हुंगत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की मला उगाच रडू आलं. पण मी लगेच कंपासपेटीचा विचार केला आणि सावरले.

मग फळी हवी. आमच्याकडे मोठी फळी एकच, अप्पांच्या लोखंडी पलंगावरची. मायनं ती गादीखालून काढली, गादी गुंडाळून भिंतीशी लावली, फळी परत पलंगावर टाकली आणि तीवर माती पसरली.

संध्याकाळी अप्पा आले. "मी कथा झोपू?"

"गावना बाहेर," माय म्हणाली.

अप्पा जमिनीवर झोपले. स्वतःच्या गावासाठी एवढं करायला त्यांची ना नव्हती.

तीन दिवसांत नदी झाली, पार झाला, मारुती झाला, एक विहीर झाली. माय दुपारभर बोटं ओली करून भिंती गुळगुळीत करायची आणि तोंडानं काहीतरी गुणगुणायची. मला हात लावू देत नव्हती. चौथ्या दिवशी तिनं एक ओटा केला, त्यापुढे कडुनिंब, त्याला दोऱ्याचा झोका.

"हे कुणाचं घर?"

"तुना मामानं."

"मामाचं? अप्पांच्या गावात?"

मायनं वर न पाहता झोक्याला हलकाच धक्का दिला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण तो भलत्याच दिशेनं. चांगल्या मुलीनं त्या क्षणी अप्पांना सांगितलं असतं किंवा बाईंकडे जाऊन गावाचं नाव बदलून घेतलं असतं. मी हिशेब केला, की अप्पांच्या गावात आहे एक चिंच आणि मायच्या गावात झोका, विहीर, नदी, मारुती, सगळंच आहे. कंपासपेटी कुठल्या गावात आहे ते उघड होतं. मी पुठ्ठ्याची पाटी केली, शेंदरी रंगात ठळक अक्षरं काढली, 'चिंचखेडे', आणि मामाच्या गावाच्या वेशीवर रोवली.

मग अप्पांसाठी दुसरं खोटं. "बाईंनी सांगितलंय, प्रदर्शनाआधी कुणाला दाखवायचं नाही." तसाही माय माती तडकू नये म्हणून गावावर ओलं फडकं टाकून ठेवायचीच. अप्पांनी ते फडकं एकदाही उचललं नाही. शिस्तीचा माणूस. पण गाव आपलं आहे म्हटल्यावर त्यांना रोज काहीतरी आठवायला लागलं.

"शाळाना मांगे चिंच टाकजो."

"टाकली," मी म्हणायची.

"तिनाखाले पार शे."

"केला."

एका संध्याकाळी त्यांनी कारखान्यातून हिरव्या धाग्याचा तुटका गुंता आणला. "वावरसले लाव. आपलं पीक असंच ऱ्हास." मायनं तो मुकाट्यानं घेतला आणि दुसऱ्या दिवशी अप्पांच्या हिरव्या धाग्याचं पीक मामाच्या शेतात उभं राहिलं. मी उठून दाराला कडी घातली. माय मात्र लहान पोरीसारखी हसत होती. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. (कंपासपेटीचंही होतंच.)

शेवटच्या दिवशी मायनं मामाच्या दारात बोटाएवढा एक माणूस उभा केला. त्याचे दोन्ही हात पुढे. त्या हातांवर तिनं कापडाची एक चिंधी घडी करून ठेवली आणि चिंधीवर मातीची इवलीशी टोपी.

"माय, हे काय?"

"ऱ्हाऊ दे. तुले नई समजनार."

मला समजलं होतं. म्हणूनच मला रात्री झोप लागली नाही.

प्रदर्शन रविवारी. फळी रिक्षात आडवी घातली, ती दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आली. एकीकडून माय चालतेय, दुसरीकडून मी आणि मधून रिक्षा मुंगीच्या पावलानं. रिक्षावाला गुजराती. त्यानं मान बाहेर काढून मायला विचारलं, "बेन, आखुं गाम लईने क्यां चाल्यां?"

"माहेरले," माय म्हणाली.

मी घाईघाईनं शाळेचा पत्ता सांगितला.

शाळेत गावावरचं फडकं काढलं आणि गर्दी झाली. बाई खूश, मुख्याध्यापक खूश. मी पाटीशेजारी उभी राहून मनातल्या मनात अप्पांना सर्दी-ताप, पोटदुखी, जे मिळेल ते मागत होते. तेवढ्यात अप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आणि सोबत आमच्या शेजारच्या खोलीतले नथूकाका. नथूकाका कोण? तर चिंचखेड्याचेच. अप्पांचे बालमित्र. अप्पा त्यांना गाव दाखवायला घेऊन आले होते!

अप्पा फळीपुढे उभे राहिले. आधी हसले. मग हसू थांबलं. त्यांची नजर नदीवरून मारुतीवर, मारुतीवरून विहिरीवर आणि तिथून मामाच्या ओट्यावर गेली. मग त्या दारातल्या माणसावर थांबली, त्याच्या हातांवर थांबली, आणि तिथून हलेना. माय माझ्यामागे उभी होती. तिनं माझी वेणी मुठीत घट्ट धरली होती.

नथूकाका खाली वाकले. त्यांनी पाटी वाचली, गाव पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. "गड्या, हाई काही आपलं गाव नई."

अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा लूमच्या आवाजात अप्पा म्हणाले, "आपलंच शे!"

"मंग चिंच कथी गई?"

"तोडी टाकी."

"आनि नदी?"

"नवी शे."

"नदी नवी?"

"तू दहा वरीस गावले गया नई, नथू. तुले काय आठवी?"

नथूकाका डोकं खाजवायला लागले. त्यांचा स्वतःच्या गावावरचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत उडाला. बिचारे पुढे वर्षभर प्रत्येकाला विचारायचे, की आपल्याकडे नदी कधी आली.

तेवढ्यात मुख्याध्यापक पुढे आले. "वा! हे घर तुमचंच का?"

"आमचंच," अप्पा म्हणाले.

"आणि हा दारात उभा आहे तो कोण?"

अप्पांनी एकदा मायकडे पाहिलं. मायनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता फळी उलटणार, गाव पालथं होणार, आणि मी शाळेतून घरी न जाता थेट कुठेतरी निघून जाणार.

"हा ना?" अप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हा माझा मेहुणा, साहेब. भला माणूस आहे. पाव्हण्याला मानपान केल्याशिवाय सोडत नाही."

मायच्या मुठीतून माझी वेणी सुटली. मागे माय पदरात तोंड घालून रडत होती आणि बाईंना वाटलं, मुलीच्या कौतुकानं.

बाईंनी मग मला विचारलं, "यातलं तू काय केलंस?" इतकं खोटं बोलून मी दमले होते. म्हटलं, "पाटी." कंपासपेटी दुसऱ्याच मुलीला मिळाली. तिनं फक्त एक शेणानं सारवलेलं खोपट केलं होतं, पण स्वतः.

घरी येताना अप्पा पुढे चालत होते. चाळीच्या तोंडाशी त्यांनी मागे न बघता विचारलं, "आखाजी कव्हय शे?"

"पुढला महिनामा," माय म्हणाली.

"जाय मंग."

माय गेली. मी नाही. अप्पांना डबा लागायचा, म्हणून मला मागे ठेवलं. इतकी लबाडी करून मायला माहेर मिळालं आणि मला मिळालं पीठ. माझ्या भाकरीला कडा नसायच्या, मध्ये भोक असायचं. अप्पा तो डबा घेऊन निमूट कामाला जायचे आणि संध्याकाळी निमूट रिकामा आणायचे. गाव परत पलंगावर आलं होतं. अप्पा अजून जमिनीवरच झोपत होते.

संध्याकाळी आम्ही दोघं गावासमोर बसून जेवायचो. अप्पा भाकरीच्या तुकड्यानं दाखवायचे, "आते ती आठे व्हई, इहीरवर." दुसऱ्या दिवशी, "आते झोकावर." मी त्या दोऱ्याच्या झोक्याकडे बघत घास गिळायची. मायची आठवण येते म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. घरात सगळं जागच्या जागी असतं आणि तरी कशालाच हात लावावासा वाटत नाही. माय सहा वर्षं अशी राहिली होती आणि आम्ही तिला रोज विचारत होतो, भाजीत मीठ कमी का?

पंधरा दिवसांनी पत्र आलं. माय सांगत होती, मामी लिहीत होती. आखाजी छान झाली, मामानं अप्पांसाठी मानाचे टॉवेल-टोपी दिलेत, सगळे राहा म्हणतात, तर अजून महिनाभर राहते.

अप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ऱ्हायनी पाहिजे." मग बराच वेळ भाकरीच्या भोकातून पलीकडे बघत बसले.

"तिले एक पत्र लिख," ते हळूच म्हणाले. "शाळानी आखो दुसरा प्रकल्प दिना म्हना."

"अप्पा, सुट्टी लागलीये."

"सुट्टीना प्रकल्प."

मी लिहिलं. मलाही माय हवी होती. चौथ्या दिवशी माय दारात उभी. काखेत मानाचे टॉवेल-टोपी, डोक्यावर मातीनं भरलेलं गाठोडं, थेट माहेरच्या शेतातली काळी माती! अप्पांनी ते उतरवून घेतलं आणि तिच्याकडे न बघता मलाच म्हणाले, "उनी का?" मी तिच्या कमरेला मिठी मारली ती सोडायलाच तयार नव्हते. मायनंच मला बाजूला केलं आणि पदर खोचला.

"चाल. आते तुना अप्पानं गाव करू. चिंचसकट. या खेपेले मी हात लावनार नई, समदं तूच करशी."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. खरं सांगायची हिंमत आम्हा दोघांपैकी कुणातच नव्हती. त्या वर्षी सुरतेतली सगळी पोरं सुट्टीत उंडारत होती आणि शाळेनं न दिलेल्या प्रकल्पासाठी उन्हाळाभर चिखल मळणारी मी एकटीच होते.